विलायती की अलिगढी? जुनं कुलूप घेण्याआधी

पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवर दोन पितळी कुलपं शेजारी शेजारी पडली होती. दोन्ही गोलसर, दोन्हींच्या किल्लीच्या भोकावर फिरती झाकणी. "दोन्ही विलायती, शंभर वर्षांची," पथारीवाला म्हणाला. त्यातलं एक अलिगढचं निघालं. मला ते कळायला अर्धा तास लागला. भाव मात्र दोघांचा एकच होता.

ही गल्लत व्हायला कारण आहे. जॉन्सन नावाची कंपनी १८७० मध्ये अलिगढला आली ती इंग्लंडची कुलपं विकायला. १८९० पासून ती तिथंच बनवू लागली. त्यामुळे अलिगढच्या कारागिरांपुढे नमुना होता तो विलायतीच. इंग्लंडमध्ये या धंद्याचं गाव विलेनहॉल, आणि शेजारचं वुल्वरहॅम्प्टन. लिव्हर म्हणजे किल्लीनं उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्या; त्यांच्या आकड्यावरून देश ठरवायला जाऊ नका. 'सहा लिव्हर' असं दोन्हीकडचे लोक मिरवत.

कुलूप हातात घेतलं की आपण आधी अक्षरं वाचतो. पण खोटं बोलायला सगळ्यात सोपी तीच. 'ईस्ट इंडिया कंपनी' असं ठसठशीत लिहिलेलं नवंकोरं पितळी कुलूप आज सहज मिळतं. ती कंपनी १८७४ मध्येच गुंडाळली गेली. तरी अक्षरं टाकाऊ नाहीत, ती वयाची हद्द सांगतात. 'आरडी नंबर' असेल तर माल १८८४ नंतरचा, कारण इंग्लंडमध्ये नक्षीच्या नोंदणीचे हे आकडे त्या वर्षी सुरू झाले. त्याआधी, १८४२ ते १८८३, चौकटच्या आकाराची खूण असे. मुकुटाखाली 'व्ही.आर.' म्हणजे व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत. 'ई.आर.'ला मात्र लगेच भुलू नका: एडवर्ड १९०१ ते १९१०, पण १९५२ पासून एलिझाबेथचीही तीच अक्षरं. अलिगढी कुलपावर नोंदणीकृत ट्रेडमार्क असल्याचं लिहिलेलं असेल, तर आपल्याकडे तो कायदाच १९४० चा आहे, हे लक्षात ठेवा.

'जी.आय.पी.', म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, दिसलं की आपल्याकडची माणसं विरघळतात. मीही विरघळतो. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सोडणारी हीच रेल्वे. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली, म्हणजे कुलूप त्याआधीचं. पण ही तीन अक्षरं ओतकामातच उठलेली आहेत की नंतर पंचने ठोकलेली, हे भिंगाखाली बघा. ठोकलेली असतील आणि खाचेतलं पितळ आजूबाजूच्या पितळेपेक्षा उजळ असेल, तर ठेवून द्या. खाच काळवंडलेली असेल तर पुढे बोलू.

माझा भरवसा घासल्याच्या खुणांवर. झाकणी बाजूला सरकवा. वर्षानुवर्षं ती फिरली असेल, तर तिच्याखाली पितळेवर चंद्रकोरीसारखी बारीक रेघ उमटलेली असते. कडीच्या आतल्या बाजूला कोयंडा घासून खोलगट भाग झालेला असतो. किल्लीच्या दातांच्या कडा बोथट होतात आणि भोकाची कडही तशीच झिजते. किल्ली धारदार आणि भोक झिजलेलं, म्हणजे किल्ली नंतर केलेली. ॲसिड लावून हिरवा केलेला माल सगळीकडून सारखाच हिरवा दिसतो; खरा जुना माल जिथं हात लागला तिथं गुळगुळीत, कोपऱ्यात काळा. म्हणून घरी आणल्या आणल्या पितांबरीनं घासायला बसू नका, पुरावाच धुतला जाईल.

देश ओळखायला मी कुलपाची पाठ बघतो. पथारीवरच्या त्या विलायती कुलपाचे रिव्हेट सपाट घासून पितळेत मिसळून गेले होते. नखाला जेमतेम लागत होते. अलिगढीचे थोडे वर उठलेले, एक तिरका, आणि बाजूला कानशीच्या रेघा. हा काही कायदा नव्हे, अलिगढलाही फार देखणं काम झालंय. पण सुबक पाठ आणि इंग्लंडमधल्या गावाचं नाव दोन्ही जुळलं तर पारडं झुकतं.

दोन गोष्टी पटकन. पत्र्यांचे थर एकावर एक ठेवून केलेलं कुलूप १९२० च्या दशकाआधीचं नाही. आणि स्क्रूसारखी किल्ली फिरवून उघडणारं लोखंडी पेचाचं कुलूप हे आपल्याकडे बहुधा देशी लोहारकाम. त्यावर सहसा नाव नाही, सन नाही. विकणारा सन सांगत असेल, तर हसून पुढे जा.

मग घ्यायचं कोणतं? विलायतीसाठी जास्त पैसे द्यायचे तर बनवणाऱ्याचं नाव आणि मूळ किल्ली, दोन्ही हवीत. एकच असेल तर अलिगढीचाच भाव लावा. किल्लीच नसेल तर फोडूनबिडून बघू नका, बंद कुलूपच घ्या. मी त्या दिवशी अलिगढी उचललं. त्याची किल्ली फिरत होती, आणि त्या तिरक्या रिव्हेटवर माझा जीव जडला होता.