पडून असलेल्या लिनक्स मशीनवर झॅबिक्स की लिब्रेएनएमएस?

दोन्ही नेटवर्क आणि सर्व्हरवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर आहेत. आधी एकच ठरवा: लक्ष स्विच-राउटरवर ठेवायचंय की सर्व्हरवर?

स्विच-राउटर असतील तर माझं मत सरळ लिब्रेएनएमएसला. डिव्हाइसवर एसएनएमपी (डिव्हाइसची माहिती दुरून वाचायची पद्धत) चालू करा, लिब्रेएनएमएसला आयपी आणि कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) द्या. पोर्ट, ट्रॅफिक, तापमान ते स्वतःच शोधून काढतं. एलएलडीपीवरून (जोडलेली डिव्हाइसं एकमेकांना ओळख सांगतात तो प्रोटोकॉल) शेजारची डिव्हाइसंही हुडकतं. दर ५ मिनिटांनी घेतलेल्या नोंदी आरआरडी फाइलमध्ये जातात. या फाइलचा आकार ठरलेला असतो, जुन्या नोंदींची सरासरी होत जाते, त्यामुळे जुन्या मशीनची छोटी डिस्क अचानक भरत नाही. ही फार मोठी सोय आहे. मात्र कित्येक महिन्यांपूर्वीचा नेमका एखादा क्षण बघायचा असेल, तर तेवढा बारीक तपशील उरलेला नसतो.

झॅबिक्सचा एजंट (सर्व्हरवर बसवायचा छोटा प्रोग्रॅम, पोर्ट १००५०) सर्व्हरच्या आतलं दाखवतो: प्रोसेस, लॉग, डिस्क. अलर्टच्या अटीही हव्या तितक्या बारीक लावता येतात. पण नोंदी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसमध्ये साठत जातात, तेव्हा त्या किती दिवस ठेवायच्या हे पहिल्याच दिवशी ठरवा. एसएनएमपी झॅबिक्सलाही वाचता येतं. टेम्प्लेट (काय मोजायचं याची तयार यादी) जोडण्याचं काम तेवढं वाढतं.