यूटॉरंट क्लासिक: इंजिन अजून खणखणीत, वरचा डोलारा नकोसा

विंडोजवर टॉरंट (एकच फाइल अनेकांच्या संगणकांतून तुकड्या-तुकड्यांनी उतरवायची पद्धत) म्हटलं की अजूनही पहिलं नाव यूटॉरंटचंच निघतं. नावातला ‘यू’ म्हणजे खरं तर मायक्रोचं चिन्ह. 2005 साली स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगेउसने हा प्रोग्रॅम काढला तेव्हा ते नाव शोभतही होतं, कारण सगळा मिळून काही शे केबीचा ऐवज. डिसेंबर 2006 मध्ये तो बिटटॉरंट कंपनीने घेतला. टॉरंटचा प्रोटोकॉल (संगणकांनी आपसांत बोलायचे नियम) 2001 मध्ये ज्याने लिहिला त्या ब्रॅम कोहेनची ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी. 2018 पासून ती ट्रॉन या क्रिप्टो नेटवर्कवाल्या जस्टिन सनकडे आहे. आज त्याच प्रोग्रॅममध्ये जाहिराती, प्रो आवृत्तीचा तगादा आणि क्रिप्टो टोकनचा पसारा आहे. नाकापेक्षा मोती जड!

तरी मूळ कामाला नावं ठेवता येत नाहीत. 4 जीबीची लिनक्सची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) 4 एमबीच्या तुकड्यांत वाटली तर 1,024 तुकडे होतात आणि प्रत्येकाचा 20 बाइटांचा हॅश (तुकड्याच्या मजकुरावरून काढलेला ठसा) टॉरंट फाइल नावाच्या छोट्या यादीत आधीच लिहिलेला असतो. आलेला तुकडा त्याच्याशी जुळला नाही तर फेकून पुन्हा मागवला जातो, त्यामुळे पूर्ण झालेली फाइल खराब निघण्याची भीती जवळपास नाहीच. आधी दुर्मीळ तुकडे उचलायचे, आणि देणाऱ्यालाच द्यायचं, असा ‘जशास तसे’ व्यवहार चालतो. कोणाला द्यायचं याचा हिशेब साधारण दर 10 सेकंदांनी होतो आणि 30 सेकंदांनी एखाद्या नवख्यालाही संधी मिळते. म्हणूनच अपलोड 1 केबीवर बांधून ठेवणाऱ्यांचं डाउनलोड रडत चालतं.

कंपनीला श्रेय द्यायचंच तर यूटीपीचं द्यावं. वाटेत डेटाच्या पाकिटांना होणारा उशीर हा प्रोटोकॉल मोजत राहतो आणि तो 100 मिलिसेकंदांकडे जायला लागला की स्वतःच हात आखडता घेतो. घरात कोणाचा व्हिडिओ कॉल चालू असेल तेव्हा याची किंमत कळते.

आता इन्स्टॉल करताना. फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटू नका. मधल्या पडद्यांवर भलत्याच सॉफ्टवेअरच्या ऑफर येतात, तिथे ‘डिक्लाइन’. 2015 मध्ये याच वाटेने एपिक स्केल नावाचा क्रिप्टो नाणी खोदणारा प्रोग्रॅम लोकांच्या संगणकांत शिरल्याची बोंब झाली होती. विंडोज डिफेंडर कधी कधी यूटॉरंटला ‘नको असलेलं सॉफ्टवेअर’ ठरवतो, त्याचं मूळही अशा जोडपाहुण्यांतच आहे. जाहिराती कमी करायला प्रेफरन्सेसमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड यादीत ‘ऑफर’ शोधा आणि लेफ्ट रेल व स्पॉन्सर्ड टॉरंटच्या ओळी ‘फॉल्स’ करा. अपडेटनंतर एकदा पुन्हा बघायचं.

अपलोडची मर्यादा कनेक्शनच्या 80 टक्क्यांवर ठेवा. 40 एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला 5,000 केबी, तेव्हा बँडविड्थच्या खान्यात 4,000 लिहा. खाना किलोबाइटचा आहे, किलोबिटचा नाही. इथेच निम्मे लोक चुकतात.

वेग नसेल तर पीअर्सच्या (तुमच्याशी जोडलेल्या इतर संगणकांच्या) टॅबमधली फ्लॅगची अक्षरं वाचा. एकाही ओळीत मोठा ‘आय’ नसेल तर बाहेरून कोणी आत येऊ शकत नाहीये, म्हणजे पोर्ट (बाहेरच्यांनी आत यायचं दार) बंद. राउटरमध्ये पोर्ट उघडूनही तेच चालू असेल तर राउटरचा वॅन आयपी (नेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो 100.64 ते 100.127 यांत असेल तर तुम्ही सीजीएनएटीच्या, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच पब्लिक आयपी वाटून देणाऱ्या व्यवस्थेच्या, मागे आहात (आपल्याकडच्या घरगुती फायबरवर हे सर्रास), आणि तिथे पोर्ट फॉरवर्डिंगचा उपयोग शून्य. तेव्हा सेवादात्याकडे पब्लिक आयपी मागावा लागतो. ओळीत छोटा ‘डी’ असेल तर समोरच्याकडे माल आहे, पण तो तुम्हाला देत नाहीये.

99 टक्क्यांवर अडकलेल्या फाइलला रात्रभर चालू ठेवण्याआधी ‘अव्हेलेबिलिटी’चा आकडा पाहा. 0.987 दिसला तर जोडलेल्या सगळ्यांचं मिळूनही अख्खी प्रत होत नाही. सीडर (अख्खी फाइल असलेला) आल्याशिवाय ती पूर्ण होणार नाही. 4 जीबीपेक्षा मोठी फाइल पेनड्राइव्हवर लिहिताना अडली तर पेनड्राइव्ह एफएटी32 या जुन्या, मोठी फाइल न पेलणाऱ्या रचनेचा आहे, एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा. आतला डेटा आधी काढून घ्या. ‘डिस्क ओव्हरलोडेड’ दिसलं तर एकाच वेळी चालू टॉरंट दोन-तीनवर आणा. जुनी हार्ड डिस्क विखुरलेलं लिखाण करताना दमते, दोष नेटचा नसतो.

सुरक्षेचा मुद्दा सोडता येत नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये गुगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी यूटॉरंटच्या क्लासिक (हेच, मूळ विंडोज प्रोग्रॅमचं) आणि वेब (ब्राउझरमधून चालणारं) अशा दोन्ही रूपांतली भोकं जाहीर केली. नुसतं एखादं वेबपेज उघडलं तरी त्या पानाला प्रोग्रॅमशी बोलता येत होतं. कंपनीने दुरुस्ती केली, पण ‘2.2.1 च बरं होतं’ म्हणून जुनी आवृत्ती धरून बसलेल्यांपर्यंत ती पोचत नाही. आणि आवृत्ती कुठलीही असो, तुमचा आयपी प्रत्येक पीअरला उघड दिसतो. कॉपीराइटचा माल उतरवणं बेकायदा आहेच, ते लपूनही राहत नाही.

मग घ्यावं का? नव्याने घेणाऱ्याने थेट क्यूबिटटॉरंट घ्यावं. फुकट, बिनजाहिरातीचं, आणि त्याच्या पोटातली लिबटॉरंट लायब्ररी लिहिणारा आर्व्हिड नॉर्बर्ग एके काळी याच बिटटॉरंट कंपनीत होता. मॅकवर तर प्रश्नच मिटला: क्लासिक 32 बिटचं, ते मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीपासून चालत नाही.

यूटॉरंटमधून तिकडे जाताना डाउनलोड पुन्हा करावी लागत नाहीत. यूटॉरंट पूर्ण बंद करा, क्यूबिटटॉरंटमध्ये तीच टॉरंट फाइल टाका, सेव्हचा पत्ता जुन्या फोल्डरच्या एक पायरी वरचा द्या आणि ‘फोर्स रीचेक’ करा. 0 टक्के आले तर फोल्डरचं नाव जुळत नाहीये. 100 आल्यावरच जुन्या यादीतून नोंद काढा, आणि काढताना ‘डिलीट डेटा’वर बोट पडू देऊ नका.