चायना ग्रास की जिलेटिन?

जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, तर चायना ग्रास, म्हणजेच अगर, लाल समुद्री शेवाळापासून. शाकाहारी घरात निवड इथेच संपते.

मला खरा फरक उन्हाळ्यात दिसतो. जिलेटिनची जेली सुमारे ३५ अंशांना वितळते; मे महिन्यात वाटीत काढेपर्यंत तिच्या कडांना पाणी सुटतं. अगर मात्र ८५ अंशांपर्यंत तग धरतं. याच गुणामुळे फॅनी हेसे यांनी १८८१ मध्ये प्रयोगासाठी जंतू वाढवायला ते सुचवलं आणि त्यांचे पती जिथे काम करत, त्या जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिन मागे पडलं!

तोंडात विरघळण्याची मजा जिलेटिनचीच, हे मान्य. पण कच्चा अननस घातला तर ते गोठतच नाही. अगरला तो चालतो.

खायला दोन्ही सुरक्षित. अगरची कोरडी पूड मात्र कधीच तशी गिळू नका, घशात फुगते. पाण्यात उकळून पूर्ण विरघळवा.