झडीकडे पाठ केलेलं घर : पावसाळा आणि थंडी राहून झाल्यावर

महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यातल्या आमच्या नव्या घरात जूनमध्ये राहायला आलो. आता फेब्रुवारी संपत आलाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

जागा पश्चिमेला उतरणारी. दरीचा देखावा पश्चिमेला आणि पाऊसही तिकडूनच. आर्किटेक्ट बाईंनी पहिल्याच भेटीत देखाव्याचं नाव न काढता विचारलं, "झड कुठून येते?" त्या एका प्रश्नावर अख्खं घर ठरलं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तर वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. घाटमाथ्याच्या कड्यावर चढतानाच ढग रिकामे होतात. त्यामुळे पाचगणीतल्या ओळखीच्या बंगल्याचा नकाशा आम्हाला चालणार नव्हता.

पश्चिमेला कोठी, मोरी आणि जिना घेतला. खिडक्या लहान आणि वर चार फूट बाहेर काढलेली वळचण. भिंत जांभ्याची, पण जोतं काळ्या दगडाचं, कारण जांभा पाणी पितो. मोठी खिडकी एकच, जेवणाच्या जागेपाशी, भिंतीत खोल घेतलेली, बाहेरून लाकडी दारं. जुलै-ऑगस्टमध्ये ती उघडलीच नाही, दरी तशीही धुक्यात असते. ऑक्टोबरपासून मात्र दुपारचं तिरपं ऊन त्या खिडकीतून थेट फरशीवर येतं आणि अंधार पडल्यावरही अनवाणी पायांना फरशी कोमट लागते. हे सुख मी शब्दांत नीट सांगू शकत नाही.

छपराला पत्रा आणि त्यावर मंगलोरी कौलं. माकडांनी कौलं फोडली तरी पाणी आत येत नाही आणि नुसत्या पत्र्यासारखा कानठळ्या बसवणारा आवाजही नाही. इथे घर बांधणाऱ्याने यावर पैसे वाचवू नयेत.

सगळ्यात मोलाचं काम डोळ्यांना दिसत नाही. उतार कापून सपाटी केली नाही, घरच अडीच-अडीच फुटांच्या तीन टप्प्यांत बसवलं. शेताच्या जुन्या ताली, म्हणजे उतारावरचे बांध, तशाच ठेवल्या. वरून येणारं पाणी दगडी चरातून घराला वळसा घालून ओहोळात जातं. 2021च्या जुलैत घाटाखाली महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळली, तेव्हापासून मला डोंगराला लावलेला जेसीबी बघवत नाही. मागच्या दगडी भिंतीत पाणी निघायला पाइप ठेवलेत. सुरुवातीला त्यांतून गढूळ पाणी आलं, नंतर नितळ. गढूळ येतच राहिलं असतं, तर आतली माती वाहतेय असा अर्थ झाला असता. पावसाळाभर रोज सकाळी आधी ते पाइप बघायचे, मग चहा.

त्रासही आहेत. सासूबाईंना टप्पे जड जातात. कठडा लावला, तरी स्वयंपाकघरातून त्यांच्या खोलीत जाताना पाच पायऱ्या आहेतच. घरात वयस्कर माणूस असेल तर त्यांची खोली आणि स्वयंपाकघर एकाच टप्प्यावर मागून घ्या. पूर्वेला डोंगर असल्याने थंडीत ऊन नऊनंतरच पोचतं. कोठीतली बुरशी भिंतीपासून कपाटं चार बोटं पुढे ओढल्यावर कमी झाली, गेली नाही. कपडे बंबाजवळच वाळवावे लागतात.

एप्रिल-मेचं पश्चिमेचं ऊन अजून बघायचंय. त्या खिडकीला वाळ्याचे पडदे सांगून ठेवलेत, आणि मेअखेर चर उपसायला गडीही.