वस्तीतल्या हवामानाच्या कामांना पैसा: मोठं भागीदारी अनुदान घ्यावं की वस्तीचा फंड उभारावा?

दोन्ही मार्गांनी काम केलंय म्हणून लिहितोय, कोणी ठरवायच्या बेतात असेल तर उपयोग होईल. छतं थंड करायची, झाडं लावायची, सोलर बसवायचं, पावसाचं पाणी मुरेल अशी जागा सोडायची, या सगळ्याला पैसा आणायचा म्हटलं की साधारण दोन रस्ते समोर येतात. पहिला म्हणजे महापालिका, एखादी मोठी संस्था, विद्यापीठ आणि वस्तीतले गट मिळून करार करतात आणि सरकारकडून एकगठ्ठा अनुदान आणतात. दुसऱ्यात वस्तीतले लोक थोडंथोडं साठवतात, त्यात पालिका किंवा देणगीदार भर घालतात, आणि तो फंड लोकच चालवतात, एकाने फेडलं की पुढच्याला मिळतं.

गरीब वस्त्याच जास्त का तापतात ते इथे सविस्तर लिहीत नाही, एवढंच सांगतो की अमेरिकेतल्या १०८ शहरांचा २०२० साली एक अभ्यास आला होता, १९३० च्या दशकात ज्या भागांना कर्ज देणं धोक्याचं म्हणून नकाशावर लाल रंग दिला होता ते भाग आजही बाकी भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त गरम निघाले. म्हणजे हे दुखणं जुनं आहे आणि थोडक्या पैशात भागणारं नाही, आणि इथेच अनुदानवाल्यांची बाजू भक्कम होते.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. २०१६ च्या कायद्याने तिथे 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह क्लायमेट कम्युनिटीज' नावाची योजना आली, कंपन्यांना जे कार्बनचे परवाने लिलावात विकतात त्यातला पैसा थेट मागास वस्त्यांना, आणि पहिल्या फेरीत एकट्या फ्रेस्नो शहराला साडेसहा कोटी डॉलरच्या वर. एवढा पैसा बचतीतून सात जन्मात जमणार नाही. शिवाय दोन अटी मला मनापासून आवडतात, निर्णय घेणाऱ्या मंडळात रहिवासी हवेतच, आणि वस्ती सुधारल्यावर भाडी वाढून जुनी माणसं बाहेर फेकली जाऊ नयेत याचा आराखडा आधीच द्यायचा. ही दुसरी अट आमच्यासारख्या गटांना सुचतसुद्धा नाही, आम्ही झाडं मोजत बसतो.

दुसऱ्या बाजूला थायलंडचा 'बान मानकाँग', २००३ पासून चालू. मुळात घरांचा कार्यक्रम, पण ड्रेनेज, रस्ते, मोकळ्या जागा त्यातच आल्या. आधी बचत गट करा, मग सरकारी निधीतून कमी व्याजाचं कर्ज, आणि तेही एकट्यादुकट्याला नाही तर सगळ्यांच्या सहकारी संस्थेला. आपल्याकडे अहमदाबादला महिला हाउसिंग ट्रस्टने बायकांचे गट धरून छतांना उन्हं परतवणारा पांढरा रंग देण्याचं काम केलंय. लंडनला ब्रिक्स्टनमध्ये २०१२ साली लोकांनी शेअर घेऊन पालिकेने भाड्याने दिलेल्या घरांच्या इमारतींवर सोलर लावलं आणि कमाईचा एक हिस्सा तिथल्याच घरांची वीज वाचवण्याकडे वळवला. तो सहकारी प्रकार चांगलाच आहे, पण मी स्वतः केलेला नाही, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

माझं मत अनुदानाकडून फंडाकडे फिरलं ते एकाच कटकटीमुळे, रिइम्बर्समेंट. करारावर आकडा केवढाही असो, पैसे हातात येत नाहीत. आधी तुम्ही खर्च करायचा, मग पावत्या जोडायच्या, त्या मुख्य संस्थेकडे जाणार, तिथून खात्याकडे, तिथे कोणीतरी म्हणणार की कोटेशनमध्ये रंग आणि ब्रश वेगळे दाखवलेत आणि बिलात एकत्र, की सगळा गठ्ठा परत खाली. मोठ्या संस्थेला याचं काही वाटत नाही, तिच्याकडे खेळतं भांडवल असतं, हिशोबाला माणसं असतात. वस्तीतल्या गटाच्या खात्यात असतं काय? रंग देणारी पोरं वस्तीतलीच, मुद्दाम त्यांनाच काम द्यायचं ठरलेलं कारण अर्जात स्थानिक रोजगार असं ठळक लिहिलेलं, आणि त्यांना आठवड्याच्या शेवटी पैसे लागतात, त्यांना कसं सांगणार की तुमची मजुरी 'पात्र खर्च' ठरली की मिळेल? शेवटी गटातल्या एका ताईंनी स्वतःची ठेव मोडून मजुरी दिली. गरीब वस्तीसाठी आलेल्या अनुदानाला गरीब वस्तीनेच बिनव्याजी उधार दिलं, असा प्रकार. पैसे आले, नाही असं नाही, पूर्ण आले, पण तोपर्यंत पुढच्या टप्प्याला आम्ही गपचूप बाहेरचा कंत्राटदार घेतला होता, कारण तो उधारीवर काम करू शकत होता आणि आमची पोरं करू शकत नव्हती. अहवालात मात्र स्थानिक रोजगाराचा रकाना भरलेलाच गेला!

ही काही एकाच खात्याची खोड नाही. कॅलिफोर्नियाच्या त्या योजनेतही मुळात आधी खर्च मग परतावा अशीच पद्धत, आणि लहान संस्थांची हीच ओरड.

फंडातून केलेल्या छतांचं असं झालं नाही. बैठकीत ठरलं, वहीत लिहिलं, पैसे दिले. थर्मामीटर लावून मोजलेलं नाही, पण ज्या घरात दुपारी कोणी थांबत नव्हतं तिथे आता दुपारी शिलाई मशीन चालू असतं, माझ्यासाठी तेवढं पुरे. आणि पांढऱ्या छतावर धूळ साचली की त्याचा गुण कमी होतो, ते धुवावं लागतं. हप्ता भरणारे लोक स्वतःहून धुतात असं मला दिसलं. अनुदानातली छतं 'त्यांची' छतं राहिली, धुवायला कधी येणार असं आम्हालाच विचारतात.

मुदतीचंही आहे. अमेरिकेत २०२२ च्या, हवामानाच्या कामांना मोठा पैसा देणाऱ्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टमध्ये अशा भागीदाऱ्यांसाठी तीनशे कोटी डॉलर ठेवले होते, अट अशी की तीन वर्षांत काम संपवा, आणि २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर बरीचशी अनुदानं मधेच रद्द झाली. लोकांनी माणसं नेमली होती, करार केले होते. झाडाला पहिली दोन-तीन वर्षं पाणी घालायला माणूस लागतो आणि तो पैसा सहसा कुठल्याच अनुदानात बसत नाही, हे वेगळंच.

आता फंडाच्या उणिवा, त्या कमी नाहीत. ज्याला साठवणं जमतं तोच आत येतो, सगळ्यात गरजू घर बाहेर राहतं. खजिनदारावरून भांडणं होतात, आमच्यातही झाली. सावलीच्या झाडाचं कर्ज कोण फेडणार, सावली तर सगळ्यांची. आणि मुळात ज्यांनी हवा बिघडवली नाही त्यांनीच खिशातून का भरावं, हा प्रश्न एका तरुण कार्यकर्त्याने भर बैठकीत विचारला आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. आता एवढंच म्हणेन की कर्ज फक्त घरापुरत्या कामाला असावं, सार्वजनिक कामाचा पैसा बाहेरून, परत न करायचा, आणि आधी खात्यात जमा झालेला. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०१८ मध्ये मतदान घेऊन मोठ्या किरकोळ विक्री कंपन्यांवर १ टक्का अधिभार लावला आणि त्यातून हवामान निधी उभा केला, तो दरवर्षी येणारा आणि शहराच्याच हातातला पैसा, दोन्हीच्या मधला म्हणता येईल. तुमच्या शहरात तसं काही असेल तर हा सगळा लेख सोडून द्या आणि तिकडे अर्ज करा.

नसेल तर माझा कल फंडाकडे आहे, निदान घरं आणि छतांसाठी. नाला, रस्ता, मोठं ड्रेनेज असेल तर अनुदानाशिवाय पर्याय नाही, पण सही करण्याआधी आगाऊ हप्ता किती टक्के ते लेखी घ्या, आणि तो मिळणार नसेल तर मुख्य संस्था आपल्या खिशातून वस्तीतल्या गटाला आधी देईल असं कलम टाकायला लावा. ते कलम म्हटल्यावर चेहरे जरा पडतात, पण आम्ही नाल्याच्या करारात टाकून घेतलं, आणि मजुरी वेळेवर चाललीय.