शब्दकोश ॲपमधला ‘क्वेंच’: तहान भागली, पाणी द्यायचं राहिलं

फोनवरच्या एका मोफत इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘क्वेंच’ची नोंद एका ओळीत संपते: तहान भागवणे, शमवणे. अर्थ बरोबर आहे, पण वापर दिलेला नाही आणि चुका तिथेच होतात.

या क्रियापदाचं कर्म तहान असतं, पेय नव्हे. रंकाळ्यावर उसाचा रस प्यायल्यावर ‘द ज्यूस क्वेंच्ड माय थर्स्ट’ म्हणावं. ‘आय क्वेंच्ड ज्यूस’ चूक. मराठीत भूकही भागते, म्हणून ‘क्वेंच माय हंगर’ सहज तोंडी येतं. इंग्रजीत भुकेला ‘सॅटिस्फाय’ लागतं. शिवाय हा शब्द बोलण्यापेक्षा लिखाणात आणि जाहिरातींत जास्त दिसतो.

कोल्हापूरकरांना खटकेल ती उणीव वेगळीच. उद्यमनगरातल्या आणि शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांत ‘क्वेंचिंग’ हा कामाचा शब्द आहे. ईएन-८ (मध्यम कार्बनचं) पोलाद कडक करण्यासाठी साधारण ८५० अंश सेल्सिअसला तापवून तेलात किंवा पाण्यात झटक्यात गार करायचं. पाणी उष्णता फार वेगानं ओढतं, त्यामुळे धारदार कोपऱ्यांना तडे जाण्याचा धोका वाढतो. तेल त्यामानानं सौम्य. नंतर टेम्परिंग, म्हणजे पुन्हा बेतानं तापवणं, टाळलं तर भाग ठिसूळ राहतो. लोहार विळ्याला ‘पाणी देतो’ ते हेच. इतका नेमका मराठी शब्द हाताशी असताना नोंदीत तो नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

उच्चार मात्र स्वच्छ ऐकू येतो. पाचपैकी अडीच तारे.