आर्च-व्हाइल आणि एक खांब: ‘डूम २’चं परीक्षण

‘डूम’ आणि ‘डूम २’ या राक्षसांना बंदुकीने मारत जायच्या गेमची एकत्र आवृत्ती २०२४च्या ऑगस्टमध्ये आली, तेव्हापासून मी ती जवळजवळ रोज रात्री तासभर खेळतेय. संगीत नव्याने वाजवलेलं आहे, ‘लेगसी ऑफ रस्ट’ हा नवा एपिसोड आहे, लोकांनी बनवलेल्या लेव्हल गेममधूनच उतरवून घेता येतात. हे सगळं चांगलं आहे आणि त्याबद्दल एवढं पुरे. मला लिहायचंय ते ‘डूम २’च्या राक्षसांबद्दल. त्यांची वागणूक १९९४ साली ठरली. मी स्वतः सहा वर्षं या गेमसाठी लेव्हल बनवते, म्हणजे कुठल्या खोलीत कुठला राक्षस उभा करायचा हाच माझा रिकाम्या वेळातला उद्योग. शत्रू घडवण्याचं इतकं नितळ काम मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये पाहिलेलं नाही.

एकेकटा घेतला तर यातला एकही राक्षस हुशार नाही. चालायला त्याच्याकडे आठच दिशा. २४ युनिटांपेक्षा (युनिट म्हणजे गेममधलं अंतराचं माप) उंच पायरी तो चढत नाही आणि उडता येत नसेल तर तेवढ्याहून खोल कड्यावरून उतरतही नाही. आडोसा शोधत नाही, माघार घेत नाही, सोबत्याला हाक मारत नाही. तुमच्या बंदुकीचा आवाज एकमेकींना जोडलेल्या खोल्यांमधून पाझरत जातो. तो ज्याच्यापर्यंत पोचला तो जागा होतो आणि मग मरेपर्यंत पिच्छा सोडत नाही. काही जण मात्र आवाज ऐकूनही दबा धरून बसतात, तुम्ही दिसल्यावरच हलतात. अंतर कमी होईल तशी हल्ल्याची शक्यता वाढते. बस, एवढंच.

ही माहिती ऐकीव नाही. डूमचा प्रोग्रामर जॉन कारमॅक याने १९९७च्या डिसेंबरमध्ये गेमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, खुला केला, त्यामुळे प्रत्येक राक्षसाचा नियम वाचता येतो. मी तो पहिल्यांदा वाचायला बसले तेव्हा रेव्हनंटपाशी अडकले ते रात्री दोनपर्यंत. रेव्हनंट म्हणजे खांद्यांवर क्षेपणास्त्रं लादलेला उंच सांगाडा. त्याची काही क्षेपणास्त्रं सरळ जातात आणि काही वळून तुमच्या मागे येतात. कुठलं वळणार हे ते कुठल्या क्षणी सुटलं यावर ठरतं, आणि खूण एकच: वळणाऱ्याच्या मागे धुराची रेघ असते. मी कित्येक महिने खेळत होते आणि ती रेघ मला शोभेची वाटत होती! कोडमध्ये आणखी एक ओळ सापडली. तुम्ही १९६ युनिटांच्या आत असाल तर रेव्हनंट क्षेपणास्त्र सोडतच नाही, ठोसा मारायला जवळ येतो. म्हणजे त्याच्यापासून लांब पळणं हा एक मार्ग, आणि मुद्दाम त्याच्या अंगावर धावून जाणं, ठोसा चुकवणं, शॉटगन झाडणं हा दुसरा. दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत, दोन्ही खरे आहेत, आणि खेळाडूला हे कुणी लिहून सांगत नाही. मार खाता खाता कळतं.

राक्षसाची ताकद किती, म्हणजे मरण्याआधी तो किती मार सोसतो, हे सगळे विचारतात. इम्पची ६०, काकोडेमनची ४००, हेल नाइटची ५००, बॅरन ऑफ हेलची १०००. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळा आहे: गोळी लागल्यावर तो कळवळण्याची शक्यता. प्रत्येक फटक्याला फासा पडतो. इम्पच्या बाबतीत २५६ पैकी २००, काकोडेमनच्या १२८, बॅरनच्या ५०, आर्च-व्हाइलच्या फक्त १०. कळवळला की हातातला हल्ला तुटतो. म्हणून काकोडेमनवर चेनगन, म्हणजे भराभर गोळ्या झाडणारी बंदूक, धरली की तो लाल गोळा हवेत नुसता थरथरत राहतो, तोंड उघडून आग ओकायला त्याला उसंतच मिळत नाही. तेच रॉकेटने मारलं तर फटका मोठा, पण दोन रॉकेटांच्या मधल्या वेळात तो उत्तर देतो. कुठली बंदूक ‘भारी’ हा प्रश्न या गेममध्ये अपुरा पडतो. समोर कोण आहे ते आधी सांगावं लागतं. या एका आकड्यामुळे प्रत्येक राक्षसाचा स्वभाव हाताला जाणवतो. बॅरन जड का वाटतो? तो क्वचितच दचकतो म्हणून.

सातवी लेव्हल, ‘डेड सिंपल’, हा या कामाचा मला सर्वात आवडणारा नमुना. आधी तुमच्याभोवती मॅनक्युबस असतात. लठ्ठ, सावकाश, दोन्ही हातांनी आगीचे गोळे टाकणारे. त्यांची मेख अशी की पहिल्या दोन जोड्यांतला एक गोळा तुमच्या रोखाने येतो आणि दुसरा थोडा बाजूला, म्हणजे घाईने बाजूला उडी मारणारा त्या दुसऱ्यात सापडतो. तिसऱ्या जोडीत दोन्ही गोळे दोन अंगांनी जातात आणि जागच्या जागी उभा असलेला मधून वाचतो. ते सगळे मेले की भिंती खाली जातात आणि अरॅक्नोट्रॉन, लोखंडी पायांचे कोळ्यासारखे राक्षस, येतात. त्यांची प्लाझ्माची धार तुम्ही नजरेआड होईपर्यंत जवळजवळ थांबतच नाही. तिथे थांबून मोजमाप करायला जागा नाही. धावायचं आणि आडोसा गाठायचा. अंगण तेच, बंदुका त्याच, आणि अर्ध्या मिनिटात तुमचे पाय वेगळ्या तऱ्हेने चालायला लागतात. अरॅक्नोट्रॉन दिसण्याआधी त्यांच्या लोखंडी पायांचा आवाज येतो. मी हेडफोन लावूनच खेळते ते त्यासाठी.

आता आर्च-व्हाइल. तो अकराव्या लेव्हलमध्ये पहिल्यांदा भेटतो. मेलेल्या राक्षसांना उठवतो, इतर कुणाहीपेक्षा चपळ चालतो, आणि त्याचा हल्ला हा फेकलेला गोळा नाहीच. तो हात वर करतो, तुमच्या अंगावर ज्वाळा दिसू लागतात, आणि साधारण दोन सेकंदांनी स्फोट होतो. त्या शेवटच्या क्षणी तुम्ही त्याच्या नजरेआड असाल तर काहीच होत नाही. मधल्या दोन सेकंदांत दिसलात तरी चालतं. फार लांबून तो हल्ला करत नाही. आणि दुसऱ्या राक्षसाला त्याची झळ बसली तरी तो राक्षस उलटून त्याच्यावर जात नाही.

हा शेवटचा नियम मला कोडमधून माहीत होता, पण त्याची उलट बाजू मला माझ्या धाकट्या भावाने शिकवली. दोन वर्षांपूर्वी मी एक गोल खोली बनवली होती. मधोमध एक जाड खांब, एक आर्च-व्हाइल, आणि मागच्या पायऱ्यांच्या टोकाला एक चेनगनर, म्हणजे चेनगन घेतलेला शत्रू. कल्पना अशी की आर्च-व्हाइलपासून लपायला खांबाआड जावं तर पाठ चेनगनरसमोर उघडी पडते. भाऊ माझ्या सगळ्या लेव्हल आधी खेळून बघतो. पहिल्या संध्याकाळी तो अकरा वेळा मेला आणि म्हणाला, “ताई, हे अन्यायाचं आहे. मला विचार करायला जागाच नाही.” त्याचं बरोबर होतं. मी खांब ६४ युनिटं पायऱ्यांकडे सरकवला, म्हणजे चेनगनरला दिसणारी जागा अरुंद झाली. दुसऱ्या संध्याकाळी तो खांबाभोवती फिरत राहिला आणि एका फेरीत आर्च-व्हाइल बरोबर त्याच्या आणि चेनगनरच्या मध्ये आला. चेनगनरच्या गोळ्या आर्च-व्हाइलला लागल्या. बाकीचे राक्षस एकदा कुणाच्या मागे लागले की थोडा वेळ त्यालाच धरून राहतात. आर्च-व्हाइल ज्याने मारलं त्याच्याकडे लगेच वळतो. तो वळला, हात वर केले, चेनगनर जळून पडला. मग तो शांतपणे पायऱ्या चढून गेला आणि त्याच चेनगनरला उठवायला लागला. तेवढ्या वेळात भावाने मागून सुपर शॉटगनच्या चार फैरी झाडल्या.

मी हे ठरवलेलं नव्हतं. त्या खोलीत मी फक्त तीन गोष्टी ठेवल्या होत्या. त्या रात्री आम्ही दोघांनी ती खोली वीसेक वेळा खेळून पाहिली आणि तो डाव पुन्हा जमवता येतो का ते बघितलं. सातव्या प्रयत्नाला जमला, आणि त्यानंतर भावाला तो हवा तेव्हा जमायला लागला. नियम स्वच्छ असले की योगायोगसुद्धा शिकता येतो, ते मला तेव्हा दिसलं. राक्षसांची आपापसातली भांडणंही अशीच नियमाने चालतात. इम्पचा गोळा दुसऱ्या इम्पला इजा करत नाही, पण बंदुकीच्या गोळ्या सगळ्यांना लागतात, म्हणून चेनगनर एकमेकांवरही उलटतात. विसाव्या लेव्हलमध्ये सायबरडेमन आणि स्पायडर मास्टरमाइंड या दोन महाकाय राक्षसांची झुंज लावून देणं हा तर त्या लेव्हलचा गाभा आहे.

सगळंच उत्तम नाही. बॅरन हा हेल नाइटच आहे, फक्त दुप्पट वेळ घेणारा. तोच गोळा, तेच नखं मारणं. हेल नाइट आल्यावर बॅरनला नवं काम द्यायला हवं होतं. लॉस्ट सोलची ताकद १०० ठेवणं मला अजून पटत नाही. जी नुसती अंगावर झेप घेते ती उडती कवटी इम्पपेक्षा आणि ७० ताकदीच्या चेनगनरपेक्षा चिवट कशासाठी? पेन एलिमेंटल त्या कवट्या ओकत राहतो आणि मरतानाही तीन सोडून जातो. त्याच्याशी लढताना डोकं चालत नाही, फक्त गोळ्या संपतात.

सर्वात जास्त दुःख तिसाव्या लेव्हलचं. भिंतीवरचं ते प्रचंड डोकं, ‘आयकॉन ऑफ सिन’, हालचाल करत नाही, तुमच्यावर रोखून हल्लाही करत नाही. ते घनाकृती ठोकळे फेकतं आणि ठोकळा पडेल तिथे कुठला तरी राक्षस उगवतो. कुठला, ते नशिबावर. एकोणतीस लेव्हल ज्या गेमने मला शिकवलं की समोर कोण आहे ते ओळख आणि मग पाऊल टाक, त्याने शेवटी ओळखायलाच काही ठेवलं नाही. तिथे उभं राहायचं, वर जाणारा उंचवटा पकडायचा आणि योग्य उंचीला रॉकेट सोडायचं. मी ती लेव्हल आता खेळत नाही, एकोणतिसावी संपली की परत पहिल्यापासून सुरू करते.

कुणी नव्याने खेळणार असेल तर चौथ्या काठिण्य पातळीवर, ‘अल्ट्रा-व्हायलन्स’वर खेळा, कारण राक्षसांच्या जोड्या खऱ्या अर्थाने तिथे जुळतात. त्यापुढच्या ‘नाइटमेअर’वर मेलेले राक्षस पुन्हा उठतात आणि सगळे जास्त वेळा हल्ला करतात. ती घाई मला मानवत नाही.

भाऊ म्हणतोय, त्या गोल खोलीत आता पेन एलिमेंटल ठेव. मी ठेवणार नाही. त्याऐवजी पायऱ्यांच्या पायथ्याशी, खांबाच्या दोन अंगांना दोन मॅनक्युबस उभे केलेत, आणि चेनगनर होता तिथेच आहे. खांब पुन्हा १६ युनिटं हलवावा लागेल असं वाटतंय. शनिवारी तो खेळेल तेव्हा कळेल.